छऱ्याला वारा किती ढकलतो? हवेचा जोर मोजणारे बेंजामिन रॉबिन्स

एअरगनचा छर्रा पन्नास मीटरवर पोचेपर्यंत आडव्या वाऱ्याने बाजूला सरकतो, हे नेमबाजांना ठाऊक असते. अठराव्या शतकातल्या तोफखान्यात मात्र हवा फारशी हिशेबात धरली जात नसे. एवढ्या जड, वेगवान गोळ्याला हवा काय अडवणार, असा समज होता. तो मोडला बेंजामिन रॉबिन्स यांनी.

त्यांचा जन्म १७०७ साली इंग्लंडमधील बाथ येथे गरीब क्वेकर कुटुंबात झाला. क्वेकर म्हणजे युद्ध निषिद्ध मानणारा पंथ. त्यातून तोफांचा शास्त्रज्ञ निघावा हे नवलच! विसाव्या वर्षीच ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. वुलविचच्या लष्करी अकादमीत शिकवायची त्यांची इच्छा होती, पण ते पद दुसऱ्याला मिळाले. त्यांनी केलेला अभ्यास मात्र १७४२ साली ‘न्यू प्रिन्सिपल्स ऑफ गनरी’ या पुस्तकातून बाहेर आला.

त्यांचे मुख्य साधन अगदी साधे होते. जड लाकडी फळी लंबकासारखी टांगायची आणि तिच्यावर गोळी झाडायची. गोळी रुतली की फळी मागे झुलते. ती किती झुलली हे फितीवर मोजले की गोळीचा वेग काढता येतो. वेगवेगळ्या अंतरांवरून गोळ्या झाडल्यावर हवेत किती वेग गळतो तेही कळले. सेकंदाला सुमारे १७०० फूट वेगाच्या बंदुकीच्या गोळीला हवेचा अडथळा तिच्या वजनाच्या सुमारे १२० पट निघाला. हवा नसती तर ती १७ मैल गेली असती. प्रत्यक्षात अर्धा मैलही जात नसे.

वाऱ्याचे कोडे इथेच सुटते. समजा, छर्रा सेकंदाला २४० मीटर वेगाने सुटला. हवेचा अडथळा नसता तर ५० मीटरला त्याला ०.२१ सेकंद लागले असते; वेग घटत गेल्याने ०.२४ लागतात. सेकंदाला ३ मीटरचा आडवा वारा त्याला पाऊण मीटर ढकलेल असे वाटते, पण सरकतो तो सुमारे ९ सेंटिमीटर. कारण वाऱ्याचा वेग गुणायचा तो पूर्ण वेळेला नव्हे, हवेमुळे वाया गेलेल्या ०.०३ सेकंदाला. हे सूत्र पुढच्या काळातले. पाया रॉबिन्स यांच्या मोजमापांचा. म्हणून वाऱ्यात नुसता वेगवान छर्रा पुरत नाही, वेग टिकवणारा लागतो.

गोळी स्वतःभोवती फिरत असेल तर वारा नसतानाही ती वळते, हेही त्यांनी दाखवले. नळीचे तोंड डावीकडे वाकवून त्यांनी पातळ कागदांच्या पडद्यांतून गोळी झाडली. ती आधी डावीकडे गेली आणि पुढे उजवीकडे वळली. त्यांच्या पुस्तकाचे जर्मन भाषांतर करणाऱ्या ऑयलर यांना मात्र हे पटले नाही. गोळी ओबडधोबड असेल, असे त्यांचे म्हणणे. इथे ऑयलर चुकले.

१७४९ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने रॉबिन्स यांना किल्ल्यांच्या बांधणीसाठी मुख्य अभियंता नेमले. पुढच्या वर्षी ते कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिडला पोचले. हा किल्ला कंपनीने १६९० मध्ये मराठ्यांकडून विकत घेतला होता. छत्रपती राजाराम तेव्हा जिंजीत होते. तटबंदीचे आराखडे चालू असतानाच रॉबिन्स यांना तापाने गाठले. २९ जुलै १७५१ रोजी, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, त्याच किल्ल्यात त्यांचे निधन झाले.