दोन बिंदू, एक रेषा आणि भास्कराचार्य

तळेगाव दाभाडेहून लोणावळा लोकल पकडा आणि मॅप उघडा. फोनला आपली जागा ठरावीक क्षणांनाच कळते, तरी ठिपका उड्या न मारता सरकत राहतो. कारण दोन माहीत जागांमधलं अंतर ॲप सहसा सरळ रेषेने भरून काढतं. हीच युक्ती साडेआठशे वर्षांपूर्वी आपल्याकडचा एक गणिती वापरत होता. ती कुठे कमी पडते, हेही त्याला ठाऊक होतं.

कोण होते भास्कराचार्य?

जन्म शके १०३६, म्हणजे इ.स. १११४. हे साल त्यांनी स्वतःच ग्रंथात नोंदवलंय. गाव सह्याद्रीच्या आश्रयाचं विज्जडविड; ते आजचं नेमकं कोणतं, यावर अभ्यासकांत वाद आहे. वडील महेश्वर हेच त्यांचे गुरू. वयाच्या ३६व्या वर्षी, ११५० मध्ये, त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ लिहिला. त्याचे चार भाग: लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय. लीलावती ही त्यांची मुलगी, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. पण तिला ठोस पुरावा नाही.

‘लीलावती’मध्ये त्रैराशिकाला मोठा मान आहे. तीन संख्या माहीत, चौथी काढायची. रेषेचं समीकरण मांडायची आजची पद्धत देकार्तच्या १६३७ च्या ग्रंथानंतर रुळली. पण दोन बिंदूंमधली किंमत काढताना आतलं गणित त्रैराशिकाचंच असतं.

त्यांच्याच कोष्टकातलं उदाहरण

ग्रहांचं स्थान काढायला ‘ज्या’ लागते, म्हणजे त्रिज्या गुणिले साइन. त्यांच्या छोट्या कोष्टकात त्रिज्या १२० आहे आणि दर १० अंशांना एक किंमत. ८० अंशांना ११८, ९० अंशांना १२०. मग ८५ ला किती?

१. चढ काढा: (१२० − ११८) ÷ (९० − ८०) = ०.२
२. एक बिंदू घालून समीकरण लिहा: य = ११८ + ०.२ × (क्ष − ८०)
३. क्ष = ८५ ठेवा: य = ११९

झालं! पण खरी किंमत आहे सुमारे ११९.५४. ज्या वक्र वाढते, आपण मात्र सरळ गेलो.

इथे भास्कराचार्य थांबले नाहीत. ब्रह्मगुप्ताने सातव्या शतकात दिलेली सुधारणा त्यांनीही सांगितली: फक्त पुढची वाढ (२) धरू नका, मागची वाढ (५) पण बघा. दोन्हींची सरासरी ३.५. त्यातून, वाढ किती मंदावतेय त्यानुसार ०.७५ वजा. उरली २.७५. आपण अर्ध्या वाटेवर आहोत, म्हणून तिचं निम्मं घ्या. उत्तर सुमारे ११९.३८. कॅल्क्युलेटर नसताना चूक निम्म्याहून कमी!

शेवटची वर्षं आणि नंतर

११८३ मध्ये, साठी उलटून गेल्यावर, त्यांनी ‘करणकुतूहल’ लिहिलं: पंचांगाचं गणित सोपं करणारं पुस्तक. मुलगा लक्ष्मीधर आणि नातू चांगदेव यादवांच्या दरबारी ज्योतिषी झाले. आजोबांचे ग्रंथ शिकवायला चांगदेवाने मठ काढला. त्याची नोंद असलेला शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटणला आहे.

तेव्हा दोन बिंदू मिळाले की रेषा जरूर काढा. ती कामाची असते. फक्त मधली वाट खरंच सरळ आहे का, हे मागचा तिसरा बिंदू घेऊन एकदा तपासा.