पंडिता रमाबाई : एका भाकरीपासून शंभर एकरांपर्यंत

पंडिता रमाबाईंच्या चरित्रांत कलकत्त्यातील विद्वत्सभा असते, धर्मांतराचा वाद असतो. चुलीकडे आणि शेताकडे मात्र चरित्रकार फारसे फिरकत नाहीत. वास्तविक त्यांच्या आयुष्यातील निर्णायक प्रसंग अन्नाशीच बांधलेले आहेत.

१८५८ साली, आजच्या कर्नाटकातील गंगामूळच्या रानात अनंतशास्त्री डोंगरे यांच्या घरी त्यांचा जन्म झाला. पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवण्याचे धाडस शास्त्रीबुवांनी केले होते. पण यात्रेकरू आणि विद्यार्थ्यांच्या पंगती उठवता उठवता घर कर्जात बुडाले. मग तीर्थाटन आणि पुराणकथन. १८७० च्या दशकातील दुष्काळात कुटुंबाची अन्नान्नदशा झाली. प्रथम वडील गेले. आजारी आईसाठी बाजरीची भाकरी मागायला रमाबाई एका ब्राह्मण घराच्या दारी उभ्या राहिल्या, तेव्हा लाजेने त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. आई त्या आजारातून उठली नाही. संस्कृत मुखोद्गत होते, पण पोटापुरते कमावण्याची एकही कला त्यांना अवगत नव्हती.

पुढे ‘पंडिता’ ही पदवी, आंतरजातीय विवाह, दोन वर्षांच्या आत वैधव्य. १८८३ मध्ये मुलगी मनोरमेसह त्या इंग्लंडला गेल्या आणि तेथे ख्रिस्ती झाल्या. शाकाहार मात्र त्यांनी सोडला नाही. अंडे घातलेले गोड पक्वान्नही त्यांना चालत नसे. वाँटेजच्या मठातील भगिनींना यात जातीचा ताठा दिसला. आपण काय खावे हे मठानेही ठरवू नये, असा हा बाणा होता. १८८७ च्या इंग्रजी पुस्तकात त्यांनी उच्चवर्णीय विधवेच्या सक्तीच्या एकभुक्ततेवर बोट ठेवले. उपवासाला पुण्य म्हणणाऱ्या समाजात ते झोंबणारे होते.

१८८९ मध्ये मुंबईत शारदासदन निघाले. त्यासाठी अमेरिकेतून मिळालेले अभिवचन दहा वर्षांचे होते. ती मुदत संपल्यावर काय, या विवंचनेतून पुण्याजवळ केडगावला सुमारे शंभर एकर जमीन घेतली गेली. फळझाडे लावून संस्था स्वतःच्या पायावर उभी करायची, असा हिशेब होता.

१८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या. मदत छावण्यांत धान्याच्या चाव्या पुरुष अधिकाऱ्यांकडे होत्या आणि उपाशी मुलींकडून त्याची कोणती किंमत वसूल केली जात होती, हे पाहून त्यांनी ते उघडपणे लिहिले. तेथून सुमारे तीनशे मुली-बायका त्यांनी आणल्या. १९०० च्या दुष्काळानंतर केडगावची वस्ती दोन हजारांच्या घरात पोहोचली. एवढ्या जणींना रोज जेवू घालणे ही केवळ दया नव्हे, मोठी व्यवस्था होती : शेती, गोठा, तेलघाणा, विणकाम, छापखाना. कामे बायकांनीच शिकून घेतली. दारी भाकरी मागताना जी कला आपल्यापाशी नव्हती, ती रमाबाईंनी या मुलींच्या हाती दिली. जेवणाच्या जोडीला प्रार्थनाही होती आणि त्यावरून वाद झाले. ते नाकारण्याचे कारण नाही.

५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई केडगावातच वारल्या. मनोरमाबाई आदल्याच वर्षी गेल्या होत्या. शेत आणि गोठा चालूच होता.