गिल्बर्ट वॉकर

सर गिल्बर्ट थॉमस वॉकर (१४ जून १८६८ - ४ नोव्हेंबर १९५८) हे ब्रिटिश गणितज्ञ व हवामानशास्त्रज्ञ होते. १९०४ ते १९२४ या काळात ते भारतातील वेधशाळांचे महासंचालक होते. मोसमी पावसाचा पूर्वअंदाज शोधत असताना त्यांना पॅसिफिक व हिंदी महासागरांवरील वायुदाबाच्या परस्परविरोधी चढउताराचा शोध लागला. या चढउताराला त्यांनी 'दक्षिणी आंदोलन' हे नाव दिले. महासागर व वातावरण यांच्या दीर्घकालीन नैसर्गिक बदलांचा आजचा अभ्यास बऱ्याच अंशी या शोधावर उभा आहे.

जन्म व शिक्षण

वॉकर यांचा जन्म इंग्लंडमधील लँकेशायर परगण्यातील रॉचडेल येथे झाला. लंडनच्या सेंट पॉल्स शाळेत व नंतर केंब्रिजच्या ट्रिनिटी महाविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. १८८९ साली ते गणिताच्या परीक्षेत पहिले आले व 'सीनियर रँग्लर' ठरले. अतिश्रमाने प्रकृती ढासळल्यामुळे त्यांना काही हिवाळे स्वित्झर्लंडमध्ये काढावे लागले. तेथे ते बर्फावरील स्केटिंगमध्ये तरबेज झाले. बूमरँगच्या उड्डाणाचे गणितही त्यांनी मांडले आणि त्यावरून मित्रमंडळींत त्यांना 'बूमरँग वॉकर' हे टोपणनाव पडले. बासरी हा त्यांचा आणखी एक छंद होता.

भारतातील नियुक्तीची पार्श्वभूमी

१८७६-७८ च्या दुष्काळाने मुंबई इलाख्यातील सोलापूरसारखे जिल्हे होरपळून निघाले. पावसाचा आगाऊ अंदाज मिळाला तर धान्याची व मदतीची तजवीज वेळेत करता येईल, या विचाराला त्यानंतर जोर आला. १८७५ साली स्थापन झालेल्या हवामान खात्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी हिमालयातील बर्फाचे प्रमाण व पाऊस यांचा संबंध जोडून अंदाज देण्यास सुरुवात केली. त्यांच्यानंतर आलेल्या जॉन इलियट यांनी त्यात अनेक घटकांची भर घातली. मात्र १८९९ साली त्यांचा अंदाज साफ चुकला आणि देशाला पुन्हा भीषण दुष्काळाला तोंड द्यावे लागले.

इलियट यांनी आपला वारस म्हणून निवडले ते वॉकर यांना. हवामानशास्त्राचा कोणताही पूर्वानुभव नसलेल्या गणितज्ञाची ही निवड वरवर पाहता विचित्रच होती. परंतु वाऱ्यांचे व दाबाचे पूर्ण भौतिकशास्त्र अजून कोणालाच उमगलेले नव्हते आणि दुष्काळ शास्त्राच्या प्रगतीची वाट पाहत थांबणार नव्हता. अशा वेळी आकड्यांकडेच वळणे शहाणपणाचे होते.

सहसंबंधांचा शोध

वॉकर यांनी जगभरच्या ठिकाणांचे वायुदाब, तापमान, पाऊस, एवढेच नव्हे तर नाईल नदीच्या पुराचेही आकडे जमवले आणि प्रत्येकाचा भारतीय पावसाशी असलेला सहसंबंध काढला. गणकयंत्र नसलेल्या त्या काळात हे काम कार्यालयातील भारतीय कर्मचाऱ्यांनी हाताने केले. वॉकर यांच्या कीर्तीत या कर्मचाऱ्यांचा वाटा मोठा असला तरी त्यांची नावे फारशी कोणाला ठाऊक नाहीत.

शेकडो सहसंबंध तपासले की त्यांतील काही निव्वळ योगायोगाने भक्कम दिसणारच. हा धोका ओळखून वॉकर यांनी १९१४ साली खऱ्या-खोट्या संबंधांची पारख करणारी सांख्यिकीय कसोटी मांडली. त्याआधी, १९१० साली, त्यांनी आणखी एक प्रश्न हाताळला होता. सलग काही वर्षे पाऊस कमी झाल्यामुळे, जंगलतोडीने भारताचे हवामान कायमचे बिघडले, अशी समजूत पसरली होती. जुन्या नोंदी तपासून त्यांनी दाखवले की, असा कायमचा बदल झाल्याचा पुरावा नाही. अवर्षणाचे ते पर्व नैसर्गिक चढउताराचाच भाग होते.

१९२० च्या दशकात त्यांनी तीन मोठी आंदोलने वर्णिली: उत्तर अटलांटिक, उत्तर पॅसिफिक व दक्षिणी. दक्षिणी आंदोलन तराजूच्या दोन पारड्यांसारखे चालते. पूर्व पॅसिफिकवर दाब वाढला की हिंदी महासागर व इंडोनेशियाच्या बाजूला तो घटतो आणि काही काळाने उलट घडते. या हेलकाव्याला ठराविक मुदत नाही.

रामानुजन

१९१३ च्या फेब्रुवारीत मद्रासला गेले असता वॉकर यांना पोर्ट ट्रस्टमधील एका कारकुनाच्या वह्या दाखवण्यात आल्या. तो कारकून म्हणजे श्रीनिवास रामानुजन. वॉकर यांनी लगेच मद्रास विद्यापीठाला शिफारसपत्र लिहिले आणि रामानुजन यांना दरमहा ७५ रुपयांची संशोधनवृत्ती मिळाली. वॉकर यांनी भारतात दुसरे काहीही केले नसते, तरी या एका पत्रासाठी त्यांचे नाव घ्यावे लागले असते.

इंग्लंडमधील कार्य

१९२४ साली ते मायदेशी परतले. त्याच वर्षी त्यांना 'सर' हा किताब मिळाला. लंडनच्या इंपीरियल कॉलेजमध्ये १९३४ पर्यंत ते हवामानशास्त्राचे प्राध्यापक होते. १९३१ साली त्यांनी ऑस्ट्रेलियातील पोर्ट डार्विन येथील वायुदाबाची मालिका तपासताना एक पद्धत वापरली. तिच्यात मालिकेतील प्रत्येक आकडा आधीच्या काही आकड्यांवर व एका यादृच्छिक धक्क्यावर अवलंबून असतो असे धरले जाते. उडनी यूल यांनी १९२७ साली सूर्यडागांसाठी अशीच पद्धत वापरली होती, म्हणून तिच्या समीकरणांना 'यूल-वॉकर समीकरणे' म्हणतात. पुढे १९७६ साली क्लाउस हासेलमान यांनी मांडलेले हवामानाचे प्रारूप याच कुळातले आहे. रोजच्या हवेचे अनियमित धक्के महासागर साठवून ठेवतो आणि त्यांतूनच वर्षानुवर्षांचे संथ बदल उमटतात, असे ते दाखवते. म्हणजे समुद्रात मंद चढउतार दिसला की त्यामागे बाहेरचे कारण असलेच पाहिजे असे नाही.

मूल्यमापन

ज्या हेतूने वॉकर भारतात आले तो मात्र पूर्णपणे साध्य झाला नाही. त्यांच्या समीकरणांतील अनेक संबंध पुढच्या दशकांत क्षीण झाले. त्यांचे सहकारी व नंतरचे महासंचालक चार्ल्स नॉर्मंड यांनी एक अडचण नेमकी दाखवली. दक्षिणी आंदोलनाचा भारतीय पावसानंतरच्या महिन्यांशी असलेला संबंध आधीच्या महिन्यांपेक्षा अधिक घट्ट होता. त्यामुळे पावसावरून इतर प्रदेशांचे भाकीत करणे सोपे आणि खुद्द पावसाचे भाकीत करणे कठीण ठरत होते.

आंदोलनाचे कारणही वॉकर यांना सांगता आले नव्हते. १९६९ साली याकोब ब्यर्कनेस यांनी ते समुद्रात शोधले. पॅसिफिकच्या विषुववृत्तीय पाण्याचे तापणे, म्हणजे एल निनो, आणि दक्षिणी आंदोलन ही एकाच घटनेची दोन अंगे आहेत, असे त्यांनी मांडले व तेथील पूर्व-पश्चिम वायुप्रवाहाला 'वॉकर अभिसरण' असे नाव दिले. १९८६ साली मार्क केन व स्टीफन झेबियाक यांच्या संगणकीय प्रारूपाने एल निनोचे आगाऊ भाकीत केले.

महाराष्ट्रात १९७२ चा दुष्काळ एल निनोच्याच वर्षी पडला. सोलापूर जिल्ह्यातील करमाळ्यासारख्या पर्जन्यछायेतील तालुक्यांत त्याची झळ मोठी होती. उलट १९९७ साली एल निनो अतिशय तीव्र असूनही देशात पाऊस जवळपास सरासरीइतका झाला. वसंत गोवारीकर यांच्या नेतृत्वाखाली १९८८ पासून वापरात आलेले १६ घटकांचे प्रारूप वॉकर यांच्याच सांख्यिकीय परंपरेतले होते. २००२ च्या अवर्षणाचा अंदाज त्यालाही देता आला नाही. पुण्यातील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत आता महासागर व वातावरण यांना एकत्र जोडणाऱ्या संगणकीय प्रारूपांवर काम चालते.

वॉकर यांचे निधन इंग्लंडमधील सरे परगण्यात कूल्सडन येथे वयाच्या ९० व्या वर्षी झाले. त्यांच्या नावाचे अभिसरण ब्यर्कनेस यांनी त्यानंतर ११ वर्षांनी प्रसिद्ध केले.