रागामागची चिंता



२४ जानेवारीला ख्रिस्तसभा संत फ्रान्सिस डी सेल्स यांचा सण साजरा करते. आपण त्यांना सौम्यतेचे संत म्हणतो. मुळात मात्र ते तापट स्वभावाचे होते.

त्यांचा जन्म १५६७ साली सॅव्हॉयमधील एका उमराव घराण्यात झाला. पॅरिसमध्ये शिकत असताना देवाने आपल्याला कायमचे टाकले आहे, या भीतीने त्यांना ग्रासले. ते आजारी पडले. कित्येक आठवड्यांनी पवित्र मरियेच्या मूर्तीसमोर त्यांनी सारे देवावर सोपवले आणि मन शांत झाले.

१६०२ साली ते जिनिव्हाचे बिशप झाले. शहर कॅल्विनपंथीयांचे असल्याने ते आन्सी येथे राहिले. १६०९ सालच्या आपल्या भक्तिग्रंथात त्यांनी चिंतेला पापाखालोखालचे संकट मानले. जाळ्यात सापडलेला पक्षी फडफडून अधिकच गुंततो, तसे चिंताग्रस्त मनाचे होते. रागावलो म्हणून पुन्हा स्वतःवर रागावू नये, असेही त्यांनी शिकवले. १६२२ साली लिऑन येथे त्यांचे निधन झाले.

आपल्या घरी काय होते? कर्जाची, आजारपणाची काळजी पोटात असते आणि आपण ओरडतो मुलांवर. भाजीत मीठ कमी पडल्याचे निमित्त होते. आवाज चढण्यापूर्वी आपण स्वतःला विचारू या: मला नेमकी कशाची भीती वाटते? ती प्रार्थनेत देवाला आणि मग घरच्यांना सांगू या. झोपच उडाली असेल, तर डॉक्टरांकडे जाण्यात कमीपणा मानू नये.

आपले धर्मगुरू