७५० पैकी २८२ : बाबासाहेबांची प्रवेश परीक्षा

दहावीचा निकाल लागला की वाशिम जिल्ह्यातल्या आपल्या वस्त्यांमध्ये दोनच प्रश्न विचारले जातात. किती टक्के पडले, आणि आता सायन्स की आर्ट्स? नीट, जेईई, सीईटी यांपैकी कोणती परीक्षा द्यायची, तिचा अर्ज कधी भरायचा, कोणते दाखले लागतात, हे प्रश्न बऱ्याच घरांत बारावी अर्धी सरल्यावर निघतात. तोवर उशीर झालेला असतो. मुलांशी बोलताना आम्ही बाबासाहेबांच्या पदव्यांची यादी सांगत नाही. ती त्यांना पाठ असते. आम्ही बाबासाहेबांच्या प्रवेश परीक्षेची गोष्ट सांगतो.

७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा रामजी आंबेडकर हे नाव साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात दाखल झाले. पुढे सुभेदार रामजी कुटुंब घेऊन मुंबईला आले. परळच्या डबक चाळीत एकच खोली. त्याच खोलीत चूल, त्याच खोलीत सामान, झोपायचे आणि अभ्यास करायचा तोही तिथेच. रामजींनी यावर एक उपाय काढला. रात्री मुलाला लवकर झोपवायचे, आपण जागे राहायचे आणि दोनच्या सुमारास त्याला उठवून आपण आडवे व्हायचे. चाळ शांत झाली की भीमरावांचा अभ्यास सुरू होई. पुस्तकाला पैसे नसले की रामजी लेकींच्या घरी जात, उसने मागत, प्रसंगी त्यांचा दागिना गहाण ठेवत. दोन मुलांचा खर्च झेपेना, तेव्हा थोरल्या भावाचे शिक्षण थांबले.

विषय निवडतानाही अडथळा आला. भीमरावांना संस्कृत शिकायचे होते. अस्पृश्याच्या मुलाला संस्कृत शिकवायला शिक्षक तयार नव्हते, म्हणून फारसी घ्यावी लागली. संस्कृत ते पुढे स्वतःच्या बळावर शिकले. आवडीचा विषय नाकारला म्हणून त्यांनी शाळा सोडली नाही, आणि तो विषयही सोडला नाही.

१९०७ साली एल्फिन्स्टन हायस्कुलातून ते मॅट्रिक झाले. त्या काळी मॅट्रिकची परीक्षा मुंबई विद्यापीठ घेत असे. ती पास झाल्याशिवाय कॉलेजात पाऊल ठेवता येत नसे. म्हणजे ती आजच्या अर्थाने प्रवेश परीक्षाच होती. भीमरावांना ७५० पैकी २८२ गुण मिळाले. टक्केवारी काढली तर ३७.६ भरते. आज एवढ्या टक्क्यांवर गावातले लोक मुलाला दुकानात बसवायचा सल्ला देतील. त्या वेळी मात्र वस्तीने सत्काराची सभा घेतली. सीताराम केशव बोले अध्यक्ष होते. कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धांचे मराठी चरित्र भीमरावांना भेट दिले. १९५६ च्या नागपूरच्या वाटेवरचे एक पाऊल त्या दिवशी पडले, असे आम्हाला वाटते.

केळुसकर गुरुजी भेटले ते चर्नी रोडच्या बागेत. शाळा सुटल्यावर एक मुलगा तिथे रोज वाचत बसलेला त्यांना दिसे. त्यांनी चौकशी केली, पुस्तके दिली. भीमराव एल्फिन्स्टन कॉलेजात गेले, पण इंटरनंतर रामजींचे पैसे संपले. तेव्हा हेच गुरुजी त्यांना बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे घेऊन गेले आणि महिना २५ रुपये शिष्यवृत्ती सुरू झाली. शिष्यवृत्ती असते, ती कोण देतो आणि कशी मागायची, हे माहीत असलेला माणूस ऐन वेळी शेजारी होता. गुण तेच होते. वाट माहीत असलेला माणूस मिळाल्याने पुढचे दार उघडले.

फेब्रुवारी १९१३ मध्ये रामजी गेले. त्याच वर्षी जूनमध्ये बडोदा संस्थानाशी करार झाला: परदेशी शिक्षणाचा खर्च संस्थान करील आणि त्याबदल्यात दहा वर्षे नोकरी करायची. जुलैमध्ये भीमराव न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पोहोचले. तिथे विषय निवडण्याची मोकळीक पहिल्यांदा मिळाली. त्यांनी अर्थशास्त्र मुख्य धरले आणि सोबत समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र घेतले. आपल्या माणसांचे दुःख समजून घेण्यासाठी कोणते विषय लागतील, हे पाहून केलेली ती निवड होती. १९१५ ला एम. ए. झाले, १९१६ ला लंडनला गेले. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले.

येताना त्यांनी एक काम नीट केले. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी लंडन विद्यापीठाकडून घेऊन ठेवली. बडोद्यात राहायला घर मिळाले नाही, अपमान मिळाला. मुंबईत सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसे साठवले. शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या पारशी मित्राने कर्ज दिले आणि १९२० ला ते पुन्हा लंडनला गेले. १९२१ ला एम. एस्सी. झाले. डी. एस्सी.चा प्रबंध परीक्षकांनी दुरुस्तीसाठी परत पाठवला. त्यांनी तो पुन्हा लिहिला आणि १९२३ ला पदवी मिळाली. एक वर्ष गॅप पडला म्हणून मान खाली घालून बसणाऱ्या आपल्या मुलांनी ही सहा वर्षे लक्षात ठेवावीत.

स्वतःला जे जे कमी पडले, ते बाबासाहेबांनी पुढच्यांसाठी उभे केले. अभ्यासाला जागा नव्हती, म्हणून बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ ला सोलापुरात वसतिगृह काढले. पैसा नव्हता, म्हणून व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात असताना त्यांनी सरकारकडे आग्रह धरला. अनुसूचित जातींची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ ला सुरू झाली. महाडीबीटीवर आपण जो फॉर्म भरतो, त्याचे मूळ तिथे आहे. मग १९४६ ला मुंबईत सिद्धार्थ कॉलेज आणि १९५० ला औरंगाबादेत मिलिंद कॉलेज उभे राहिले.

आता आपल्या जिल्ह्याकडे पाहू. २०२४ पासून वाशिमला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या जागेसाठी आपली मुले अकोला, नांदेड, लातूरला क्लास शोधतात. क्लासची फी जून-जुलैत भरायची असते आणि सोयाबीनचा पैसा दिवाळीला येतो. शिवाय माहितीचा तुटवडा असतोच. एमएचटी-सीईटीत साधारण २० टक्के प्रश्न अकरावीचे आणि ८० टक्के बारावीचे असतात. तिथे चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, नीटमध्ये कापतात. म्हणजे दोन्हींची तयारी एकाच पद्धतीने होत नाही. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्धांना केंद्रातही अनुसूचित जातीच्या सवलती आहेत, पण त्यासाठी दाखला केंद्राच्या नमुन्यातला हवा. जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज अकरावीतच केला नाही, तर चांगले गुण असूनही प्रवेशाच्या वेळी धावपळ होते. वसतिगृहात नंबर लागला नाही तर स्वाधार योजना आहे, हेही अनेक घरांना ठाऊक नसते.

रात्री दोनला मुलाला उठवणारे रामजी आपल्या वस्त्यांत आजही आहेत. ते मजुरी करून लेकरांना शिकवतात. कमी आहेत ते केळुसकर गुरुजी. म्हणून वाशिम, मालेगाव, रिसोड, मंगरुळपीर, कारंजा आणि मानोरा या सहाही तालुक्यांतल्या कार्यकर्त्यांना आमचे सांगणे आहे की रविवारी वंदना झाल्यावर विहारात एक टेबल मांडा. नोकरीला लागलेला किंवा कॉलेजात शिकणारा एक जण तिथे दोन तास बसू द्या. दहावी ते बारावीच्या प्रत्येक मुलामुलीचे नाव वहीत लिहा आणि नावापुढे चार गोष्टी नोंदवा: कोणती परीक्षा, अर्जाची तारीख, कोणता दाखला बाकी, अभ्यासाला जागा आहे की नाही. जागा नसेल तर संध्याकाळनंतर विहाराचे दार उघडे ठेवा. जयंतीच्या वर्गणीतला थोडा वाटा त्या टेबलासाठी आणि विहाराच्या दिव्यासाठी राखून ठेवा.

जय भीम!