जॉन पोस्टेल आणि पत्त्यांचा फेरफार

सोयगाव तालुक्यातील शेतकऱ्याला नव्या शर्तीची जमीन म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागत नाही. ती कसण्यासाठी मिळालेली असते. विकायची झाल्यास जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, आणि तलाठ्याच्या दप्तरी फेरफार मंजूर झाल्यावाचून सातबारावर नवे नाव चढत नाही. इंटरनेटवरील पत्त्यांची गोष्ट फारशी निराळी नाही. जाळ्यात जोडलेल्या यंत्राला आकड्यांनी बनलेला पत्ता लागतो. हे पत्ते मोजके आहेत, आणि ते एका संस्थेकडून दुसरीकडे कोणत्या अटींवर जावेत याविषयी कडाक्याचा वाद चालू आहे. तो समजून घ्यायचा तर ही नोंदवही ज्यांनी आयुष्यभर सांभाळली, त्या जॉन पोस्टेल यांच्या चरित्राकडे वळले पाहिजे.

पोस्टेल यांचा जन्म ६ ऑगस्ट १९४३ रोजी कॅलिफोर्नियातील अल्टाडीना येथे झाला. १९६९ साली लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात अमेरिकी संरक्षण खात्याच्या ‘आर्पानेट’ जाळ्याचे पहिले केंद्र उभे राहिले, तेव्हा ते तेथे विद्यार्थी होते. कोणता आकडा कोणाला दिला, हे कोणीतरी लिहून ठेवणे जरुरीचे होते. हे कंटाळवाणे काम अंगावर घ्यायला इतर फारसे उत्सुक नसावेत. पोस्टेल यांनी ते घेतले. १९७२ मध्ये आकड्यांची नोंद एका हाती असावी असे त्यांनी लेखी सुचविले, आणि तो हात त्यांचाच ठरला. १९७४ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली. १९७७ पासून अखेरपर्यंत ते दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या माहितीशास्त्र संस्थेत होते. वाढलेली दाढी आणि पायात सँडल, असा त्यांचा वेश असे. पदाचा डौल त्यांना कधी लागला नाही.

१९८१ मध्ये पत्त्यांची आजही प्रचलित असलेली रचना ठरली. तिच्यात सुमारे ४२९ कोटी पत्ते बसतात. त्या काळी हा आकडा अक्षय वाटला, म्हणून काही विद्यापीठांना व कंपन्यांना एकेकी १ कोटी ६७ लाख पत्ते बहाल झाले. संस्थानिकाने खूश होऊन गावेच्या गावे इनाम द्यावीत, तसाच हा प्रकार होता. आणि या उदारपणाचा दोष पोस्टेल यांच्या पदरी काही अंशी येतोच.

जाळे विद्यापीठांबाहेर पसरू लागले तेव्हा टंचाईची चाहूल लागली. नोव्हेंबर १९९६ मध्ये पोस्टेल व त्यांच्या चार सहकाऱ्यांनी वाटपाचे नियम शब्दबद्ध केले. पत्ते दुसऱ्याकडे द्यायचे तर विभागीय नोंदणी संस्थेची मंजुरी हवी, आणि घेणाऱ्याने नव्याने अर्ज करणाऱ्याइतकीच आपली गरज सिद्ध करावी, असे त्यात ठरले. पत्ता वापरासाठी आहे, साठ्यासाठी नाही, हा त्या नियमाचा गाभा होय.

एका माणसाच्या सचोटीवर एवढा डोलारा उभा ठेवणे मात्र शहाणपणाचे नव्हते. जानेवारी १९९८ मध्ये पोस्टेल यांनी नावांच्या मूळ यादीचे संगणक सांभाळणाऱ्या आठ जणांना, ही यादी यापुढे आपल्याकडून घ्यावी, असे कळविले आणि त्यांनी ते मानले. अमेरिकी सरकार खडबडून जागे झाले, आणि आठवड्याभरात सारे पूर्ववत करावे लागले. त्याच वर्षी हा कारभार ‘आयकॅन’ या नव्या संस्थेकडे सोपविण्याचे ठरले. ती आकार घेत असतानाच, १६ ऑक्टोबर १९९८ रोजी, हृदयाच्या झडपेवरील शस्त्रक्रियेनंतर पोस्टेल यांचे निधन झाले. त्यांचे वय अवघे पंचावन्न होते.

पुढे काय झाले, ते उद्बोधक आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठाने आपला १ कोटी ६७ लाखांचा गट २००० साली परत केला. फेब्रुवारी २०११ मध्ये जागतिक साठा संपला. त्याच वर्षी दिवाळखोर नॉर्टेल कंपनीचे ६,६६,६२४ पत्ते मायक्रोसॉफ्टने ७५ लाख डॉलरला घेतले. आणि २०१७ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यापीठाने फुकट मिळालेले लक्षावधी पत्ते विकायला काढले. युरोपच्या नोंदणी संस्थेने २०१४ मध्ये आपल्या विभागातील हस्तांतरासाठी गरजेची अट काढूनच टाकली. नियम जाचक असले की व्यवहार नोंदवहीबाहेर होतात, हा तिच्या बाजूचा युक्तिवाद पोकळ नाही. जमीन साठेखतावर हातोहात फिरते आणि सातबारावर आजोबांचेच नाव राहते, हे आपण पाहतोच. पण त्यावरचा उपाय फेरफार सुलभ व वेळेवर करणे हा आहे. अट उडविली तर पैसेवाल्याने साठा करावा आणि गरजूने भाडे भरावे, एवढेच उरते. लांबलचक पत्त्यांची नवी पद्धत आल्यावर टंचाई मिटेल हे खरे. परंतु जुने पत्ते सोडून चालेल इतकी ती अद्याप सर्वत्र रुजलेली नाही.

आशिया-पॅसिफिक विभागाने गरजेची अट २०११ मध्ये पुन्हा लागू केली, हे योग्यच झाले. त्या विभागात २०१९ पासून नव्या संस्थेला जास्तीत जास्त ५१२ जुने पत्ते मिळतात. सोयगावात उद्या एखाद्या तरुणाने घरोघर इंटरनेट पुरविण्याचा व्यवसाय काढला, तर त्यापुढचा प्रत्येक पत्ता त्याला बाजारातून विकत घ्यावा लागेल. ते परवडले नाही, तर अनेक घरांना मिळून एकच पत्ता वाटून द्यावा लागेल.