पडद्यावर चेहरा, श्रेयनामावलीत अंधार

हिंदी चित्रपटसंगीताचा इतिहास सांगताना संगीतकार, गीतकार आणि गायक यांचा गौरव होतो. त्यांच्या चालींना वाद्यमेळाचा साज चढविणारे गोमंतकीय वादक मात्र विस्मृतीत जातात. ‘चिक चॉकलेट’ या नावाने गाजलेले ट्रम्पेटवादक अँतोनियो झेवियर वाझ हे त्यांतील अग्रणी.

१९१६ साली गोव्यातील हळदोणा येथे त्यांचा जन्म झाला. मुलाने मेकॅनिक व्हावे, अशी आईची इच्छा होती. मुलाला ओढ होती ट्रम्पेटची. पोर्तुगीज राजवटीतील चर्चच्या शाळांमधून पाश्चात्त्य स्वरलिपी शिकविली जात असे. त्या विद्येच्या बळावर गोव्यातील अनेक तरुण मुंबईच्या हॉटेलांमधील वाद्यवृंदांत स्थिरावले. चिक यांनीही येथे स्वतःचा वाद्यवृंद उभारला आणि ताजमहाल हॉटेलपर्यंत मजल मारली. लुई आर्मस्ट्राँग हे त्यांचे दैवत. हाती पांढरा रुमाल, घोगरा आवाज आणि लांबविलेला तार स्वर ही सारी लकब त्यांनी उचलली होती. त्यामुळे ते ‘भारताचे आर्मस्ट्राँग’ म्हणून ओळखले जाऊ लागले.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हॉलिवूडच्या संगीतप्रधान विनोदी चित्रपटांत कृष्णवर्णीय व लॅटिन अमेरिकन कलावंत दिसू लागले होते. आर्मस्ट्राँग स्वतः १९४३ च्या ‘केबिन इन द स्काय’मध्ये झळकले. तथापि, हा सन्मान अपुरा होता. लीना हॉर्न यांची गाणी अनेकदा कथेपासून अलग ठेवली जात, म्हणजे दक्षिणेतील राज्यांत ती सहज कापता येत. पोर्तुगालमध्ये जन्मलेल्या आणि ब्राझीलमध्ये वाढलेल्या कार्मेन मिरांडा यांच्या वाट्याला तर फळांच्या मुकुटातील तीच ती हास्यपात्रे आली.

या चित्रपटांचे सूर मुंबईतही पोहोचले. मिरांडा यांनी १९४५ च्या ‘डॉल फेस’मध्ये गायिलेल्या गाण्याची चाल १९५० साली ‘समाधी’तील ‘गोरे गोरे’ या गाण्यात अवतरली. विशेष म्हणजे ‘समाधी’ हा आझाद हिंद सेनेच्या पार्श्वभूमीवरील चित्रपट होता. नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे संगीताचे धडे घेतलेले सी. रामचंद्र त्याचे संगीतकार होते आणि चिक त्यांचे सहायक म्हणून काम करीत. १९५१ साली अमरावतीत जन्मलेल्या मास्टर भगवान यांचा ‘अलबेला’ आला. त्यात चिक आणि त्यांचे साथीदार झालरींचे लॅटिन अमेरिकन धाटणीचे सदरे घालून पडद्यावर दिसले. म्हणजे हॉलिवूडने रंगविलेल्या लॅटिन माणसाचे सोंग आता गोव्याच्या कलावंताच्या अंगावर चढले होते.

दारूबंदीमुळे हॉटेलांमधील कार्यक्रमांना ओहोटी लागली आणि अनेक वादक ध्वनिमुद्रणाकडे वळले. संगीतकाराने पेटीवर बांधलेली चाल ऐकून प्रत्येक वाद्यासाठी स्वरलेखन करणे हे त्यांचे काम. हे काम निव्वळ लेखनिकाचे नव्हते. प्रारंभीचे संगीत, मधल्या जागा आणि वाद्यांची निवड यांतूनच गाण्याचे रूप घडत असे. तरीही श्रेयनामावलीत बहुतेकदा एकट्या संगीतकाराचेच नाव येई. चिक यांनी मदनमोहन यांच्याकडेही काम केले. ‘नादान’ (१९५१) सारख्या मोजक्या चित्रपटांना त्यांनी स्वतंत्रपणे संगीत दिले. पण त्या वाटेवर त्यांचा जम बसला नाही.

१९६६ साली चेतन आनंद यांच्या ‘आखरी खत’मध्ये ते ट्रम्पेट वाजविताना पुन्हा दिसले. पुढच्याच वर्षी, १९६७ मध्ये, त्यांचे निधन झाले. हिंदी पडद्यावरील गोमंतकीय ख्रिस्ती माणूस पुढेही बराच काळ मद्यपी किंवा विदूषकच राहिला. त्याच पडद्यामागे संगीताची लिखित व्याकरणशिस्त सांभाळणारे शेकडो हात त्याच समाजाचे होते. चिक यांचा चेहरा निदान दोन चित्रपटांत टिकून आहे. त्यांच्या कित्येक सहकाऱ्यांची तर नावेही उरलेली नाहीत.